मावशी सांगायच्या, प्रोग्राम लिहायचा

त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी लोणावळ्याहून निघणारी लोकल पकडून कान्ह्याला उतरायचे. मळवली सोडलं की खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नसायचं. भाताची कापलेली शेतं, ओढे, लांबचे डोंगर, सगळं त्या पांढऱ्यात विरघळून गेलेलं. डब्यातली चार-दोन माणसं शाल गुंडाळून पेंगत असायची. कामशेत जवळ आलं की एखादा विजेचा खांब धुक्यातून पुढे यायचा आणि लगेच मागे निघून जायचा. मीही अर्धवटच जागी असायचे. डोळे मिटले की डोक्यात प्रोग्रामच्या ओळी सरकत राहायच्या, उघडले की धुकं. कान्ह्याला फलाटावर पाय टेकल्यावरसुद्धा आपण नक्की उतरलो आहोत का, हे कळायला थोडा वेळ लागायचा.

पुण्यातल्या कंपनीत मी बरीच वर्षं प्रोग्राम लिहिण्याचं काम केलं. मग आमचा विभागच बंद झाला आणि मी लोणावळ्याला आईकडे राहायला आले. लगेच दुसरी नोकरी शोधावी असं वाटेना. दिवसभर खिडकीत बसून राहायचे. तेव्हा आईच्या ओळखीतून टाकव्याच्या अलीकडच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला. त्यांच्या शेतावर संगणकाचं काहीतरी बिघडलं होतं, मुलगी घरी आहे तर बघून जाईल का, असं त्यांनी विचारलं होतं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मीही भाऊच म्हणू लागले.

भाऊंचं घराणं भातशेतीचं. वरच्या माळावर मात्र त्यांनी गुलाबाची चार पॉलिहाऊस उभी केली होती. लोखंडी कमानींवर दुधी प्लास्टिक ताणलेली लांबलचक घरं. त्यांच्या बाजूंना गुंडाळता येणारे पडदे असतात. पडदा वर घेतला की वारा आत खेळतो, खाली सोडला की आतली ऊब टिकते. छताखालून फवाऱ्यांच्या नळ्या गेलेल्या असतात, त्या पाण्याचे अगदी बारीक कण हवेत सोडतात. हे पडदे आणि फवारे चालवायला भाऊंनी मोटारी बसवल्या होत्या, आणि मोटारींना हुकूम देणारा छोटा संगणक पहिल्या घराच्या दाराशी पत्र्याच्या पेटीत ठेवला होता.

पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं ते अजून आठवतं. बाहेर धुकं होतं आणि आतही उजेड असा की तो कुठून येतोय ते कळू नये. सावली कुठेच पडत नव्हती. गुलाबांच्या लांब रांगा त्या दुधी उजेडात तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. प्रत्येक कळीला जाळीची लहानशी टोपी घातलेली. रांगांच्या मधून काही बाया हातात कात्री घेऊन हळूहळू सरकत होत्या, पण पावलांचा आवाज येत नव्हता. एक जण पानाखाली तळहात धरून डोळे मिटून उभी होती.

त्या मावशी. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. माहेर वडिवळ्याचं, सासर या माळाच्या खालच्या वस्तीत. मोटारी यायच्या आधी चारही घरांचे पडदे हातानं दांडा फिरवून वर-खाली करायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि तेव्हा फुलं चांगली यायची, असं भाऊंनीच सांगितलं. पेटीतल्या संगणकात कुणीतरी दोन आकडे घालून ठेवले होते. इतकी उष्णता झाली की पडदा वर, इतकी कमी झाली की खाली. मावळातल्या हवेला दोन आकडे पुरत नाहीत.

मी मावशींना विचारलं की तुम्ही पडदा कधी उघडायचा, कधी मिटायचा, ते कसं ठरवता. त्यांनी एका पानाची पालथी बाजू माझ्या बोटाला लावली. पान ओलं होतं.

“धुकं खाली उतरलं की पडदा हातभर वर,” त्या म्हणाल्या. “पानाखालची वल सुकूस्तवर तसाच ठेवायचा. मग पुरता उघडायचा. येकदम उघडला तर झाड दचकतं.”

मी ते वहीत लिहून घेतलं आणि संध्याकाळी घरी बसून त्याचा प्रोग्राम केला. दुसऱ्या दिवशी मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिसऱ्या दिवशी दोन. झाडं वाढत होती, हवा बदलत होती, आणि मावशींचे नियम त्या दोहोंच्या मागून चालत होते. दर वेळी मला घरी जाऊन ओळी बदलाव्या लागत. शिवाय माणसानं लिहिलेल्या ओळी यंत्राला थेट कळत नाहीत, त्या आधी यंत्राच्या भाषेत उतरवाव्या लागतात. त्याला कंपाइल करणं म्हणतात, आणि ते करणाऱ्या प्रोग्रामला कंपाइलर. ते करून तयार झालेला प्रोग्राम मी दुसऱ्या दिवशी पेटीत ठेवायचे आणि त्यासाठी आधीचा चालू प्रोग्राम बंद करावा लागायचा. तो बंद पडला की पेटी सावधगिरी म्हणून चारही घरांचे पडदे खाली सोडून द्यायची. दुपारची वेळ असली तर आत भट्टी व्हायची. बाया पदरानं तोंड पुसत बाहेर येऊन उभ्या राहायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

दोन आठवड्यांनी एका दुपारी मी रांगांच्या टोकाला उपड्या क्रेटवर बसले होते. फवारे नुकतेच थांबले होते आणि पाण्याचे कण अजून खाली यायचे होते. तसं बसल्या बसल्या माझ्या मनात आलं की या ओळी मी लिहायच्याच कशाला. मावशी नियम सांगतील, पेटीतला प्रोग्राम त्याच्या ओळी स्वतः लिहील. तोच कंपाइलरला हाक मारेल, तयार झालेला तुकडा पोटात घेईल आणि पुढच्या मिनिटापासून तसा वागू लागेल. मध्ये थांबायचं काम नाही. अंगातला सदरा न उतरवता त्याला ठिगळ लावावं तसं.

अशी सोय असते हे मला माहीत होतं. कंपनीत असताना एक-दोनदा वापरलीही होती, पण तिथे ती कुणाच्या तरी हिशेबाच्या तक्त्यांसाठी होती. आता ती गुलाबांसाठी करायची म्हटल्यावर मला कितीतरी महिन्यांनी काम करावंसं वाटलं. सात-आठ दिवस मी लोणावळ्याच्या घरात खिडकीशी बसून तेच करत होते. आई जेवायला हाक मारायची, मी हो म्हणायचे आणि तिथेच असायचे. उष्णता, पानांची ओल आणि वारा मोजणारी छोटी यंत्रं मी आधीच शेतावर बसवून पेटीला जोडली होती. आता मावशींच्या फोनवर उघडेल असं एक पान केलं. त्यात त्यांचेच शब्द ठेवले. धुकं, ऊन, वारं, पान ओलं, पान सुकं, पडदा, फवारा. मापंही त्यांचीच, बोटभर, वीतभर, हातभर, पुरता. शब्दांवर बोट ठेवत गेलं की वाक्य तयार व्हायचं, आणि ते पेटीत पोचलं की प्रोग्राम त्यावरून आपल्या भाषेत ओळी लिहायला बसायचा.

ज्या सकाळी ते पहिल्यांदा चालवलं तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पहिल्या घरातून दुसरं दिसत नव्हतं. मावशींनी फोन लांब धरून एकेका शब्दावर बोट ठेवलं. मी पेटीपाशी उभी राहून बघत होते. पेटीतल्या छोट्या स्क्रीनवर एक नवी फाईल उमटली, तिच्यात ओळी आल्या, कंपाइलर क्षणभर काहीतरी पुटपुटला आणि गप्प झाला. मग पलीकडे मोटारीचा घुर्र आवाज आला आणि बाजूचा पडदा अगदी सावकाश हातभर वर गेला. त्या फटीतून धुकं जमिनीलगत आत आलं आणि झाडांच्या बुंध्यांभोवती पसरलं. मावशी पडद्यापाशी गेल्या आणि खरंच हातभर आहे का, ते स्वतःचा हात लावून त्यांनी पाहिलं.

मी ती फाईल उघडून वाचली. आयुष्यभर मी स्वतः लिहिलेल्या किंवा दुसऱ्या माणसांनी लिहिलेल्या ओळी वाचल्या होत्या. या ओळी कुणीच लिहिलेल्या नव्हत्या आणि तरी त्यांत मावशींचं बोलणं होतं. जत्रेत हरवलेलं आपलंच कुणीतरी परक्या कपड्यांत दिसावं, तसं मला ते वाचताना वाटत होतं.

डिसेंबर तसाच गेला. मावशी रोज एखादा नियम घालायच्या, एखादा बदलायच्या. मी येऊन फायली वाचायचे, दुपारी बायांबरोबर भाकरी खायचे आणि परतीच्या लोकलला बसायचे. भाऊ खुशीत होते. फेब्रुवारीच्या मध्यात शहरांत गुलाब हातोहात जातात. सगळं त्या आठवड्याच्या बेतानं चाललं होतं. कळ्या कधी तोडायला येतील त्याचे दिवस मावशी बोटांवर मोजत होत्या.

जानेवारीच्या शेवटी, मी आवरून निघण्याच्या बेतात असताना भाऊंचा फोन आला. तिसऱ्या घराचा, डोंगरातल्या खिंडीच्या बाजूचा पडदा रात्रभर उघडा राहिला होता. गार वारा सरळ आत शिरला होता आणि कळ्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. लवकर या, एवढंच ते म्हणाले.

मी पोचले तेव्हा भाऊ दाराशी उभे होते. तिसऱ्या घरात शिरल्यावर मला आधी काही वेगळं दिसलं नाही, तोच उजेड, त्याच रांगा. जवळ गेल्यावर दिसलं. प्रत्येक कळीच्या बाहेरच्या पाकळीला काळी किनार होती, जशी ज्योतीवर धरलेल्या कागदाला येते. वरती पडद्याची दोरी कप्पीतून निसटून तुटलेली होती आणि पडदा तसाच वर अडकला होता.

भाऊंना वाटत होतं की मावशींनी आदल्या संध्याकाळी दांड्यानं पडदा वर घेतला आणि सोडायचा विसरल्या, दोरी मग रात्रीच्या वाऱ्यानं तुटली. सगळ्यांत शेवटी शेतावरून त्याच गेल्या होत्या. यंत्र विसरत नाही, माणूस विसरतं, असं भाऊ दोनदा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण बाकीच्या बायांसमोर म्हणाले. मावशींनी आपण दांड्याला हात लावला नाही एवढं सांगितलं आणि कात्री घेऊन करपलेल्या कळ्या काढायला लागल्या.

मी पेटीपाशी बसले. प्रोग्राम दिवसभरात काय काय केलं ते लिहून ठेवत असे. आदल्या दिवशी दुपारी चारनंतरचं पान उघडलं. तिसरं घर, पडदा वर. मिनिटभरानं पडदा खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. दिवस मावळेपर्यंत तेच. मग एका ओळीत पडदा खाली गेल्याची नोंद होती आणि त्यानंतर काही नाही. प्रोग्रामच्या मते पडदा बंद होता. दोरी तुटून मोटार नुसतीच फिरली, हे त्याला कळलेलं नव्हतं.

मग त्यानं लिहिलेली ती फाईल उघडली. आठ-नऊ ओळी. कंपाइलरनं त्यांत एकही चूक काढली नव्हती आणि काढण्यासारखी नव्हतीही, व्याकरण शुद्ध होतं. चूक मी केलेल्या शब्दांच्या यादीत होती. मावशींनी मला सांगितलं होतं की ऊन चढलं की पडदा हातभर वर घ्यायचा, पण खिंडीतलं वारं सुटलं की मिटायचा. खांबावरची आमची पंखी फक्त वाऱ्याचा वेग मोजायची, दिशा नाही. म्हणून मी मावशींच्या यादीत नुसता ‘वारं’ हा शब्द ठेवला होता. खिंडीतलं की कुठलं, हे गाळून टाकलं होतं आणि ते त्यांना सांगितलंही नव्हतं. वारा तो वारा, असं मला वाटलं. त्या दुपारी कलतं ऊन आत तापत होतं आणि बाहेर साधा वारा होता. ऊन म्हणे उघड, वारा म्हणे मीट, आणि दोघांपैकी कुणाचं ऐकायचं हे प्रोग्रामला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या वर-खालीतच दोरी झिजून तुटली. खरा खिंडीतला वारा नंतर, अंधार पडल्यावर आला.

हे सगळं मला अर्ध्या तासात कळलं. मी तिथेच बसून राहिले. आणखी तपासायला हवं, असं स्वतःला सांगत राहिले, पण तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या शेतावर त्या ओळी वाचू शकणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी पेटीचं झाकण लावलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. दुधी उजेडात मावशी रांगेतून पुढे सरकत होत्या, कात्रीचा बारीक आवाज येत होता, आणि काळ्या कडांच्या कळ्या त्यांच्या पायाशी पडत होत्या. वेळ गेली ती कशी गेली मला सांगता येत नाही. बाया जेवायला उठल्या तेव्हा मी उठले.

भाऊ आणि मावशी दोघंही पाण्याच्या टाकीपाशी होते. मी भाऊंना सांगितलं की मावशींनी पडदा उघडा ठेवला नाही. प्रोग्रामनं ठेवला, आणि त्याला तसं करायला लावणारा शब्द माझा होता. वहीतलं वाक्य दाखवलं, फोनवरची यादी दाखवली. सकाळीच कळलं होतं आणि आत्तापर्यंत गप्प बसले होते, हेही सांगितलं.

भाऊ मावशींकडे वळून म्हणाले, “चुकलं माजं. बायांसमोर बोललो, ते बायांसमोरच मागं घेतो.” आणि ते खरंच जेवायला बसलेल्या बायांपाशी गेले.

मी मावशींना विचारलं की तुम्ही सकाळी काही बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, काल जाताना पडदा सारखा वर-खाली होताना त्यांनी पाहिला होता. मी लोणावळ्यात बसून काहीतरी करून बघत असेन, असं त्यांना वाटलं.

“आन सकाळी तू वाचत व्हतीस,” त्या म्हणाल्या. “वाचून व्हऊ दे म्हनलं.”

तोवर त्या मला ताई आणि तुमी म्हणत. त्या दिवसापासून तू झाले.

भाऊ परत आल्यावर म्हणाले की मॅडम, ते स्वतःहून लिहिणारं काढून टाका, जुने दोन आकडेच बरे. मी मान हलवली. मलाही तेच योग्य वाटत होतं. नाही म्हणाल्या त्या मावशी. त्यांना ते काढायला नको होतं.

“लिहू द्या त्याला,” त्या म्हणाल्या. “पन लिहिलं की आदी मला वाचून दाखवू दे. मी व्हय म्हनल्याबिगर हात लावायचा न्हाई पडद्याला.”

पुढच्या दिवसांत मी तेच केलं. प्रोग्राम नव्या ओळी लिहायचा, कंपाइल करायचा, पण लगेच पोटात घ्यायचा नाही. आधी त्या ओळींवरून परत एक मराठी वाक्य बनवायचा. मावशींनी दिलेलं वाक्य तसंच परत म्हणून दाखवलं असतं तर काही उपयोग नव्हता. आपण खरोखर काय लिहिलं आहे, तेच त्यानं बोलायचं असं मी ठरवलं. ते वाक्य मावशींच्या फोनमधून ऐकू यायचं. शिवाय गेल्या तीन दिवसांची हवा त्याच्याजवळ नोंदलेली असायची. नवा नियम त्या जुन्या हवेवर लुटुपुटूचा चालवून बघायचा आणि पडदा किती वेळा हलला असता ते सांगायचा. पडदा उगाच वर-खाली होत राहिला असता तर नियम परत पाठवायचा.

पहिल्यांदा तो बोलला तेव्हा मावशी टाकीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. फोनमधून सपाट आवाज आला की वारं असलं तर पडदा मिटेल.

“कुटलं वारं?” मावशींनी फोनलाच विचारलं.

फोन काय बोलणार. तेव्हा मावशींनी कात्री ठेवली, पदर खोचला आणि मला चल म्हणाल्या.

आम्ही माळावरून खिंडीच्या दिशेनं चालत गेलो. दुपार कलत आली होती. गवत वाळून सोनेरी झालं होतं आणि त्यातून चालताना कोरडा सळसळ आवाज येत होता. खाली खाचरं, त्यापलीकडे धरणाच्या पाण्याची एक फिकट पट्टी. एका खडकावर मावशींनी मला बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. किती वेळ बसलो असू कोण जाणे. आधी फक्त वारा लागत होता, मग हळूहळू तो एक राहिला नाही. एक डाव्या गालावर यायचा, मऊ, ओलसर, चिखलाचा वास घेऊन. तो पाण्यावरून येतो, झाडाला चांगला, असं मावशींनी सांगितलं. दुसरा मधूनच मागून यायचा आणि कानाच्या पाळीला झोंबायचा. त्याला वासच नव्हता.

“ह्यो खिंडीतला,” त्या म्हणाल्या. “लहानपनी वडिवळ्याला असाच यायचा. आय म्हनायची, ह्यो लागला की पोरांचं कान बांदा.”

मी डोळे मिटूनच होते. ऊन पापण्यांवर लाल दिसत होतं. वीस वर्षं मी यंत्रांना गोष्टी समजावत आले होते, आणि एक माणूस मला वारा समजावून सांगत होतं. उठावंसं वाटत नव्हतं. मावशीही उठायची घाई करत नव्हत्या.

त्यानंतर आम्ही खांबावर दिशा दाखवणारं एक यंत्र बसवलं आणि मावशींच्या यादीत दोन शब्द आले, पाण्यावरचं वारं आणि खिंडीतलं वारं. नियम पुन्हा लिहिला गेला, वाचला गेला, जुन्या हवेवर चालवला गेला. मावशी व्हय म्हणाल्या आणि पेटीनं तो पोटात घेतला.

फेब्रुवारीत तीन घरांची फुलं बाजारात गेली. तिसऱ्या घरातली झाडं भाऊंनी खालपर्यंत छाटून घेतली. पाडव्याच्या सुमारास त्यांना लालसर कोंब फुटले आणि लग्नसराईत ती फुलं तोडायला आली. ते गेलेलं पीक भाऊंनी माझ्यापुढे पुन्हा कधी काढलं नाही. मी काढलं तर ते विषय बदलायचे आणि चहा सांगायचे.

एप्रिलमध्ये मी पेटीतल्या फायली चाळत होते. आता मी रोज येत नव्हते, आठवड्यातून एकदा यायचे, कारण मी नसले तरी काही अडत नव्हतं. त्या दिवशी एक नियम मला कळेना. दुपारी ठरावीक वेळात पहिल्या घराच्या शेवटच्या टोकाला फवारा बंद ठेवायचा, ऊन कितीही असलं तरी. झाडांच्या दृष्टीनं त्याला काही कारण दिसेना. मी मावशींना विचारलं तर त्या हसल्या. बाहेर ऊन झालं की बाया त्या टोकाला सावलीला जेवायला बसायच्या आणि फवारा सुरू झाला की भाकरी ओली व्हायची. त्यांनी तो नियम स्वतः घातला होता, वाचून घेतला होता, आणि व्हय म्हटलं होतं. प्रोग्रामनं बाकीच्या नियमांसारखाच तो लिहिला होता. भाऊंना ठाऊक आहे का, असं मी विचारलं नाही.

भातलावणीला मावशींनी दहा दिवस सुट्टी घेतली. स्वतःच्या खाचरात आणि माहेरच्या शेतातही त्या गेल्या होत्या. त्या दिवसांत मी दोनदा जाऊन आले. चारही घरांत कुणी नसताना पडदे आपल्याआप हातभर वर जात होते, थांबत होते, खाली येत होते. पावसाचं पाणी छतावरून वाहत होतं आणि आतला उजेड हिरवट झाला होता. मी रांगांतून फिरले, पानाखाली तळहात धरून पाहिला. मला अजून त्यातलं फारसं कळत नाही. पण पान ओलं आहे की सुकं, एवढं कळतं.

मावशी परत आल्या तेव्हा त्यांचे पाय चिखलानं फुटले होते आणि तोंड उन्हापावसानं काळवंडलं होतं. त्या कट्ट्यावर बसल्या, फोन मांडीवर ठेवला आणि सगळे नियम पहिल्यापासून वाचून दाखवायला लावले. तास-दीड तास तो सपाट आवाज चालू होता. धुकं, पान, बोटभर, वीतभर. मावशी मधूनमधून डोळे मिटत होत्या, झोपल्या की काय असं वाटायचं, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान हलायची. एका नियमाशी त्यांनी हात वर केला. दुसऱ्या घरात उन्हाळ्यात नवीन रोपं लावली होती, ती लहान आहेत तोवर दुपारी पडदा वीतभरच उघडायचा, असा तो होता.

“ह्यो काढ आता,” त्या मला म्हणाल्या. “झाडं मोठी झाली.”

तुम्हीच काढा, मी म्हटलं, आणि कुठे बोट ठेवायचं ते दाखवलं. त्यांनी ठेवलं. पेटीनं उरलेल्या नियमांच्या ओळी पुन्हा लिहिल्या, पुन्हा कंपाइल केल्या, वाचून दाखवल्या, त्या व्हय म्हणाल्या, आणि पलीकडे दुसऱ्या घराचा पडदा घुर्र करत थोडा आणखी वर गेला. मावशी तोवर कात्री घेऊन रांगेत शिरल्याही होत्या.